न उघडलेली आठ पानं

उत्तर टेक्सासमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आठ पानं वाचण्याची परवानगी मागणारा अर्ज मार्चच्या तीन तारखेला दाखल झाला. अर्जदार पद्मजा इनामदार, वय सेहेचाळीस, दुर्मीळ पुस्तकांच्या विभागात सूचीकार. पानं ग्रंथालयाच्या मालकीची होती, ग्रंथालयाच्याच कपाटात होती, आणि अशी पानं वाचून त्यांची नोंद करण्यासाठीच अर्जदाराला नोकरीवर ठेवलेलं होतं. त्यामुळे प्रकरण गुंतागुंतीचं आहे, हे सर्वांच्या लगेच लक्षात आलं.

पुस्तक होतं गास्पार द व्हर्नोआ या साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच कवीचं. या गृहस्थाने बारा उपहासकाव्यं लिहिली आणि त्यांत वैद्य, पाद्री, वकील, सुमार कवी, कुणालाही सोडलं नाही. इंग्रजीत त्यांचे तीन जुने अनुवाद झाले. तिसऱ्यात अनुवादकाने सगळ्या नांग्या मोडून पुस्तक एका उमरावाच्या चरणी वाहिलं. दुसऱ्यात पॅरिसच्या लबाड वैद्यांच्या जागी लंडनचे लबाड वैद्य घातले. ते पुस्तक तुफान खपलं, कारण प्रत्येकाला त्यात आपला शेजारी दिसला. पहिला अनुवाद मात्र मुळाशी अत्यंत प्रामाणिक आहे, असं सगळे अभ्यासक एकमुखाने सांगत. त्याची जगात एकच प्रत उरलेली होती. ती पिढ्यानपिढ्या कुणा ना कुणा धनिकाच्या कपाटात राहिली, आणि सहा वर्षांपूर्वी जवळच्या प्लेनो शहरातल्या एका दात्यामार्फत ग्रंथालयात आली.

तेव्हा पद्मजाने ती हातात घेतली आणि तिच्या लक्षात आलं की आठवं काव्य ज्यावर आहे, ती आठ पानं कुणी उघडलेलीच नाहीत. जुन्या काळी मोठा कागद छापून, घडी घालून शिवत. घडीच्या कडा वाचणाऱ्याने आपल्या सुरीने उघडायच्या. इथे त्या साडेतीन शतकं मिटलेल्याच होत्या. बाहेरच्या बाजूला फक्त मथळा दिसत होता: ‘काव्य आठवं: पुस्तकं विकत घेऊन न वाचणाऱ्या धनिकावर’. कडेने डोकावलं की आत एकच शब्द दिसे, ‘वाचका’. मग प्रामाणिकपणाचा दाखला आला कुठून? पद्मजाने तळटीपा तपासल्या. पहिल्या अभ्यासकाने दुसऱ्याचा हवाला दिला होता, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि तिसऱ्याने पुस्तक विकणाऱ्या दुकानदाराच्या जाहिरातीचा.

तीनही अनुवादांची तुलना करणारा ग्रंथ पद्मजा लिहीत होती. तिच्या नोकरीचा करार ऑगस्टमध्ये संपत होता आणि तो वाढणं या ग्रंथावर अवलंबून होतं. पण खरं सांगायचं तर तिला त्या काव्याचा तो अनुवाद नोकरीहूनही जास्त हवा होता. पुण्यात फ्रेंच शिकताना, बाविसाव्या वर्षी, तिने व्हर्नोआ वाचला आणि तेव्हापासून न वाचता बोलणाऱ्या माणसांचा तिला मनस्वी तिटकारा आला. अशी माणसं तिला आयुष्यभर पुरून उरली.

कागदाच्या घड्या उघडायच्या बोथट हाडाच्या पट्टीने घडी उघडायला सहा मिनिटं लागतील, असं तिने अर्जात लिहिलं. बारा दिवसांनी उत्तर आलं, सोबत नियमावली. तिच्या परिशिष्ट तीनमध्ये म्हटलं होतं: ‘अपरिवर्तनीय बदल म्हणजे कापणे, शिवणे, चिकटवणे, ओलावणे, उष्णता देणे वा ज्यायोगे वस्तूची प्राप्तिसमयीची स्थिती बदलेल अशी अन्य कोणतीही कृती; परंतु वस्तूवरील धूळ झटकणे, वस्तू एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलवणे, सूचीकाराने नोंदीच्या कामासाठी मिटलेली पाने उघडणे, तसेच वस्तूस क्रमांकाची चिठ्ठी जोडणे ही नित्य देखभाल समजण्यात येऊन त्यांस परवानगीची आवश्यकता असणार नाही; उपरोक्त अपवाद वगळता प्रत्येक बदलासाठी नमुना क्रमांक एकवीस तीन प्रतींत, विभागप्रमुखांच्या शिफारशीसह, सादर करावा.’ खाली चौकट होती: ‘वाचले व समजले’. पद्मजाने चौकटीत खूण केली आणि नमुना एकवीस भरायला घेतला.

नमुन्यातला नववा प्रश्न असा होता: ‘उघडावयाच्या पानांवरील मजकुराचा सारांश जोडावा.’ पद्मजाने लिहिलं, ‘अनुवादकाने आत काय केलंय ते पानं उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.’ अर्ज अपूर्ण म्हणून परत आला.

ती तडक अर्ज परत पाठवणाऱ्या जोखीम कार्यालयात गेली. तिथे नकुल होता. जन्म अमेरिकेतल्या अल्फारेट्याचा, वय तीस, आईवडील नागपूरचे. विद्यापीठावर कोसळू शकणाऱ्या सर्व संकटांची यादी ठेवणं हे त्याचं काम.

“पद्मजा मावशी, आय टोटली गेट इट,” तो म्हणाला. “पण हे सटायर आहे ना? कोणीतरी हर्ट होऊ शकतं.”

“कोण? साडेतीनशे वर्षांपूर्वीचा वैद्य?”

“दॅट्स द थिंग. वी डोन्ट नो. कोणी वाचलंच नाहीये. सो रिस्क अननोन आहे, अँड अननोन इज वर्स दॅन हाय.”

“मग मला वाचू दे. कळेल लगेच.”

“नाही ना मावशी. वाचलं की ती नोन रिस्क होईल. मग आपल्याला अ‍ॅक्शन घ्यावी लागेल.”

तोडगा म्हणून मजकुराचं संवेदनशीलता-परीक्षण करून घ्यायचं ठरलं. मिटलेल्या आठ पानांच्या बाहेरच्या बाजूचा फोटो तीन तज्ज्ञांकडे गेला. पद्मजाला वाटलं, तीनपैकी एखादा तरी विचारेल की मजकूर कुठे आहे. आठवड्यात तिन्ही अहवाल आले. पहिल्याला मजकूर संतुलित आणि सर्वसमावेशक वाटला. दुसऱ्याला शेवट हृदयस्पर्शी वाटला. तिसऱ्याने चाळिसाव्या ओळीच्या आसपास सूर थोडा तिखट होतो असं नोंदवून एकंदर कामगिरीला दहापैकी आठ गुण दिले. पद्मजाने त्याला फोन करून विचारलं की ही चाळिसावी ओळ तुम्ही वाचलीत कुठे. तो सौजन्याने म्हणाला की विषयाशी त्याचा सर्वसाधारण परिचय आहे.

एप्रिल संपत आला. ग्रंथालयाच्या संचालिका हॅल्व्हरसनबाई यांनी पद्मजाला बोलावून सांगितलं की तिन्ही अहवाल उत्कृष्ट आहेत, आणि इतके उत्कृष्ट अहवाल आलेले असताना पानं उघडून त्यांना बाध का आणायचा? तरी हट्टच असेल तर दात्याची संमती आणा.

दाते म्हणजे संग्राम घोरपडे. स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी, प्लेनोच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. शनिवारी पद्मजा टोलवे धरून त्यांच्याकडे गेली. दिवाणखान्याची एक अख्खी भिंत मराठी पुस्तकांनी भरलेली होती, आणि प्रत्येक पुस्तक दुकानातल्या प्लास्टिकमध्ये जसंच्या तसं होतं. आश्लेषावहिनींनी चहा आणि चकल्या आणल्या.

“ताई, ते कोरं आहे म्हणून तर घेतलं मी!” संग्रामराव म्हणाले. “ऑक्शनवाला म्हणाला, सर, याला आजवर कोणी हात लावलेला नाही. म्हटलं, डन. पॅक करा.”

“पण आत काय लिहिलंय, बघावंसं वाटत नाही तुम्हाला?”

“आत काय, पोएट्री आहे ना? माहितीये मला. अप्रतिम आहे.”

पद्मजाचा संयम सुटत चालला होता. ती सरळच म्हणाली, “हे काव्य पुस्तकं विकत घेऊन न वाचणाऱ्या श्रीमंत माणसावर आहे, संग्रामराव.”

संग्रामराव खूश झाले. “काय सांगता! यार, असे लोक फार झालेत हो हल्ली. आमचे हे शेजारी बघा.” त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. “लायब्ररी केलीये घरात. एक पुस्तक उघडलं असेल तर शपथ.”

तेवढ्यात आश्लेषावहिनींना सुचलं. “अहो, मग आपण याचं प्रकाशनच करू या ना! मेअखेरीस मेमोरियल डेच्या वीकेंडला मंडळाचं साहित्य संमेलन आहेच. बिचाऱ्याचं साडेतीनशे वर्षं प्रकाशन राहिलंय.”

पद्मजाने डोळे मिटून होकार दिला. पानं उघडणार असतील तर तिने गुढीसुद्धा उभारली असती. नकुलनेही मार्ग काढला: प्रकाशन हा बदल नसून समारंभ आहे, त्यामुळे नमुना एकवीस लागू नाही. फक्त समईला अग्निशमन खात्याचा दाखला लागेल. समई विजेची आणली गेली.

समारंभ प्लेनोतल्या एका शाळेच्या सभागृहात झाला. सभागृह एक वाजेपर्यंतच मिळालं होतं. कुठलंच वेष्टन नसलेलं पुस्तक सोनेरी कागदात बांधून वर रिबिन लावली होती, कारण रिबिनीशिवाय प्रकाशन होत नाही. शाल आली. श्रीफळाला मात्र ओलाव्याच्या कारणावरून पुस्तकापासून वीस फुटांवर थांबावं लागलं. पाच वक्ते बोलले. अध्यक्षस्थानी मनोहरकाका होते. निवृत्त इंजिनीअर, बाराही महिने कुठे ना कुठे अध्यक्ष. ते पन्नास मिनिटं बोलले. “या पुस्तकाने मला घडवलं,” ते म्हणाले आणि रुमाल काढून त्यांनी खरोखरच डोळे टिपले. हॅल्व्हरसनबाईंना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या.

पाऊण वाजता संग्रामरावांनी रिबिन कापली आणि त्याच कात्रीने पानांकडे मोहरा वळवला. पद्मजाने झडप घालून पुस्तक काढून घेतलं. हाडाची पट्टी तिच्या पर्समध्ये गेले तीन महिने होती. तिने घड्या एकेक करून उघडल्या. फोटो निघाले, पुस्तक उलटं धरून पुन्हा निघाले, आणि कुणीतरी माइकवर सांगितलं की श्रीखंड गरम होतंय, सर्वांनी लवकर चला. दोन मिनिटांत सभागृह ओस पडलं. व्यासपीठावर उभ्या उभ्याच पद्मजा वाचू लागली.

‘वाचका,’ अनुवादकाने लिहिलं होतं, ‘तू ही पानं उघडलीस, म्हणजे तुला दुसरा उद्योग नसावा. माझं फ्रेंच कामापुरतं आहे आणि आठवं काव्य फार लांब आहे. प्रकाशकाला मात्र बाराच काव्यं हवी आहेत. इथवर कुणी येत नाही हे त्यालाही ठाऊक आहे. म्हणून पुढल्या पानांवर दोन नंबरचं काव्य पुन्हा छापून जागा भरली आहे. आठवं मी वाचलेलं नाही. तरी अनुवाद अत्यंत प्रामाणिक आहे असं तूही चार लोकांना सांग. मी सांगितलंच आहे. एकट्याच्या जिवावर किती दिवस टिकेल?’

पद्मजाला आधी हसू आलं आणि मग रडू. तळटीपा तपासूनही ती ज्या अनुवादकाला चोवीस वर्षं एकमेव प्रामाणिक माणूस समजत आली होती, तोच या सगळ्यांचा मूळपुरुष निघाला. ती तरातरा जेवणाच्या हॉलमध्ये गेली, माइक घेतला आणि काय लिहिलंय ते आधी मराठीत आणि मग इंग्रजीत, शब्दन् शब्द सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

“मी भाषणात नेमकं हेच म्हणालो होतो,” मनोहरकाका पुरी तोडत म्हणाले.

“सो इट इज फेथफुल!” हॅल्व्हरसनबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

समाजाशी नातं जोडल्याबद्दल जुलैमध्ये पद्मजाचा करार वाढला. तिच्या ग्रंथाला कुणी हातही न लावता. त्याच दिवशी जोखीम कार्यालयाचा ईमेल आला: ‘अर्ज बंद. कारण: परवानगीची आवश्यकता नव्हती. पाहा परिशिष्ट तीन.’ पद्मजाने जुनं पत्र काढलं आणि परिशिष्ट तीन आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. धूळ झटकणे आणि चिठ्ठी जोडणे यांच्या मधोमध ‘मिटलेली पाने उघडणे’ बसलेलं होतं. खाली तिची स्वतःची खूण होती. तीन महिने ती ज्या ज्या माणसावर मनातल्या मनात दात-ओठ खात होती, ती सगळी माणसं एका रांगेत तिच्यासमोर उभी राहिली, आणि रांगेत सर्वांत पुढे ती होती.

तिने नकुलला फोन लावला. “हे तुला कधीपासून माहीत होतं?”

“आज कळलं, मावशी. केस क्लोज करताना कारण टाकावं लागतं, सो फर्स्ट टाइम वाचलं मी.” “व्हाय, तुम्ही वाचलं नव्हतं?”

पद्मजाने फोन ठेवला. समोर नवा करार होता, चव्वेचाळीस पानांचा, आणि शेवटी तीच चौकट. पाच वाजले होते. तिने खूण केली आणि घरी गेली.

तिच्या या वागण्यावर सुज्ञ वाचक हसतील. हसायलाच हवं. परिशिष्ट तीन या गोष्टीतही जसंच्या तसं छापलेलं आहे, आणि तुम्ही त्याच्यावरूनच इथवर आला आहात. शेजाऱ्याला विचारून बघा, त्याने तरी वाचलं होतं का.