मीटरची खंडेनवमी

"श्रीपतराव, उदबत्ती विझवा! ते शस्त्र नाही, मीटर आहे!" स्नेहलता ओरडली. पण नंदेसरीच्या त्या रंगाच्या कारखान्यात हवेतले बारीक कण मोजणाऱ्या मीटरला तोवर कुंकू लागलं होतं, झेंडूची माळ पडली होती आणि उदबत्ती चार वेळा ओवाळून झाली होती.

"अहो ताई, पणजोबा सरकारी फौजेत तलवार पुजायचे. माझ्या हातात हेच आहे ना!"

मीटर कोकलू लागलं.

रंगात पडणारी नॅनो पावडर इतकी बारीक, की नाकात शिरली तरी नाकाला पत्ता नसतो. म्हणून नियम कडक: मीटर वाजलं की सगळ्यांनी मास्क चढवायचा आणि कण कुठून येतात ते शोधायचं. जिथे आकडा लाल, तिथे काम बंद. नियम स्नेहलतानेच लिहिलेले. सुरक्षा अधिकारी म्हणून तिची नोकरी पक्की होणार की नाही, ते आजच्या तपासणीवर होतं. आणि तपासायला आलेल्या निरुपमाबाई नेमक्या दारात!

"काय वाजतंय?"

"उदबत्ती, मॅडम."

उदबत्ती विझली, एक्झॉस्टने धूर ओढला, आकडा झपकन खाली. स्नेहलताचा जीव भांड्यात पडला. ती ऐटीत पावडरच्या खोलीबाहेर आली, आणि मीटर पुन्हा वाजलं. दहा पावलांवर आणखी जोरात! मग माळ घातलेलं मीटर छातीशी धरून श्रीपतराव पुढे आणि मास्क लावलेली सगळी वरात मागे, अशी ती मंडळी थेट कॅन्टीनमध्ये शिरली.

उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणून गुजराती आचारी मंगळदास महाराज दसऱ्याची जिलेबी करून आजच फाफडे तळत होते. कढईपाशी आकडा नुसता लालेलाल!

"मॅडम, मीटर कण मोजतं, त्यांचं कुळ विचारत नाही! हा तेलाचा धूर आहे!" स्नेहलता घाईने म्हणाली.

"नियमात तेलाला सूट आहे?"

"...नाही."

"आ शुं, बेन?" कढईखालचा गॅस बंद करून मास्क चढवताना महाराज भडकले. "फाफडा तळुं छुं, बॉम्ब नथी बनावतो!"

कढई पावडरच्या खोलीतल्या एक्झॉस्टखाली न्यावी, तर तिथे खाण्याच्या वस्तूला बंदी. तोही नियम स्नेहलताचाच. साठ माणसं मास्क लावून जिलेबीकडे बघत उपाशी उभी!

निरुपमाबाईंनी शांतपणे अहवाल लिहिला: "पावडरची खोली उत्तम. कॅन्टीन अतिधोकादायक. सुरक्षा अधिकाऱ्यांना कायम करावे, व कढईशेजारी बसवावे."

दिवाळीनंतर तिथे एक्झॉस्ट बसला, शेजारी स्नेहलताचं टेबल लागलं. पहिल्याच दिवशी खिडकीतून श्रीपतरावांची ताटली आत आली.

"ताई, शस्त्र पुजलं की फळतं, बघा! चार फाफडे द्या."

"मीटर वाजतंय, आधी मास्क."

"मग खाऊ कसा?"

स्नेहलताने नियमांची वही उघडली. ते काही लिहिलेलं नव्हतं.