दौलूनानांचा पहिला घोट

दौलूनानांचे दात तंबाखूने तपकिरी झाले असावेत, असे मला आधी वाटले. वाईजवळच्या त्या गावात मास्तर म्हणून बदलून आलो, त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केले आणि तिसऱ्याच सकाळी खरा प्रकार दिसला. विहिरीत टाकतात ते लाल औषध नाना कोंबड्यांच्या पाण्यात कालवत होते. पाणी गुलाबी झाले. मग त्या पांढऱ्या मिशांच्या गृहस्थाने कोंबड्यांचे भांडे उचलून तोंडाला लावले, एक घोट घेतला आणि उरलेले कोंबड्यांपुढे ठेवले. माझ्या हातातली दातवणाची काडी खाली पडली.

"नाना, अहो हे काय?"

"तपासनी. आदी मानूस, मग जनावर. कायदा हाय."

पहिल्या लढाईत नाना खेचरांच्या पलटणीत होते. आता दुसरी चालू होती, पण त्यांची पहिलीच संपली नव्हती. खुराड्याला ते 'बराक' म्हणत, पिलांना 'रंगरूट'. गावात कुणाचे जनावर आजारी पडले की औषधाची पुडी घेऊन हजर. बादलीत कालवायचे, आधी स्वतः प्यायचे. माझ्या बायकोने तर धसकाच घेतला. नानांसाठी तिने कान तुटलेला एक कप वेगळा काढून ठेवला.

आणखी एक तऱ्हा होती. गुरे पाण्यावर आली की त्यांनी प्यावे म्हणून आपल्याकडे शीळ घालतात. नाना कधी घालायचे नाहीत.

"तुमी घाला, मास्तर. मला न्हाई येत."

पलटणीतला माणूस, आणि याला शीळ येत नाही! मी वर्षभर त्यांची यावरून थट्टा केली.

उन्हाळ्यात आमच्या गायीला हगवण लागली. आमची तान्ही मुलगी गायीच्याच दुधावर होती. तीन दिवसांत गाय बसली, आणि बायकोनेच नानांना हाक मारली. नानांनी औषध कालवले, घोट घेतला. गाय काही तोंड लावीना. मी शीळ घातली, तर तिने मानच फिरवली.

"नाना, तुम्ही घालून बघा ना," बायको म्हणाली. "ही गेली तर पोरीला काय पाजू?"

नाना बादलीपाशी उकिडवे बसले.

"वैनी, आमचं एक खेचर हुतं. राजा. औषिद लय कडक झालं हुतं, मला कळलं न्हाई. त्याला कळलं. पीत न्हवतं. मग म्या शीळ घातली. माज्या शिळंवर त्याचा लय इस्वास. समदी बादली प्यालं." नानांनी बादलीतले पाणी हाताने ढवळले. "दुपारच्याला गेलं. तवापास्नं चाखतो. शीळ न्हाई घालत."

वर्षभराची थट्टा आठवून मला स्वतःची लाज वाटली.

नानांनी दुसरा घोट घेतला. थोडे थांबून तिसराही घेतला. मग गायीच्या मानेवर हात ठेवला आणि शीळ घातली, अगदी हळू, एका सुरात. गायीने बादलीत तोंड घातले.

त्यानंतर नाना गोठ्यातून हलले नाहीत. बायकोने चहा नेऊन दिला, आमच्या रोजच्या कपातून. नानांनी तो बाजूला ठेवला. दिवस कलता गाय रवंथ करू लागली, तेव्हा कुठे त्यांनी कप उचलला. चहा पार गार झाला होता.