देवीने मागितलेली साखर

वलवणच्या नंदाबाईंना मधुमेह झाल्याचे लोणावळ्याच्या डॉक्टरांनी जाहीर केले, तेव्हा घरातल्या इतर माणसांप्रमाणे त्यालाही शिस्तीत ठेवण्याचे त्यांनी ठरवले. रोज सकाळी इन्शुलिनची सुई म्हणजे सुई. हरितालिकेचा उपवास निर्जळी म्हणजे निर्जळी.

"सासूबाई, सुई घेतली की खायलाच हवं. नाहीतर साखर उतरून जिवावर बेततं, डॉक्टरांनी बजावलंय," सून सुनेत्रा म्हणाली.

"सुई दंडात जाते, तोंडात नव्हे. उपवासही मोडत नाही, डॉक्टरांचा शब्दही मोडत नाही. पुढे बोलू नकोस."

अशा रीतीने दोन्ही नियम एकाच देहात पाळले गेले. पूजेला आळीतल्या बायका जमल्या आणि वाळूच्या पिंडीवर पत्री वाहता वाहता नंदाबाईंचे हात थरथरू लागले. चोळी घामाने भिजली. जीभ जड झाली. आपल्याला साखर हवी, एवढेच त्यांना पक्के कळत होते.

"देवी आली!" दूध घालणारी भिमाबाई ओरडली. "लय कडक हाय! पाय धरा!"

महिला मंडळाच्या अध्यक्ष भागीरथीबाईंनी पदर पसरला. "आई, आज्ञा काय?"

"सा... खर..."

मागणी सर्वानुमते मंजूर झाली. भरलेली वाटी आली. सुनेत्रा ती सासूच्या तोंडाशी नेणार, तोच भागीरथीबाईंनी मनगट धरले. "अगं, नैवेद्य दाखवायचा असतो, भरवायचा नसतो!"

वाटीभोवती पाणी फिरवले गेले, ती नंदाबाईंच्या नाकासमोरून गेली आणि साखर चिमूटचिमूट वाटली गेली. साऱ्याच निर्जळी, म्हणून प्रत्येकीने आपली चिमूट पदराच्या गाठीत बांधली.

"मला... द्या..."

"अजून मागते!" डबा रिकामा होईतो देवीची मागणी पुरवली गेली. उभ्या संसारात जिचा शब्द कोणी खाली पडू दिला नव्हता, तिचा शब्द देवी झाल्यावर कोणी ऐकेना. डोळ्यांपुढे अंधारी आली.

"देवी अभिषेक मागतेय!" सुनेत्रा एकदम किंचाळली.

अभिषेकाला हरकत घेणार कोण? सुनेने पंचामृताचा तांब्या सासूच्या कपाळावर नेमका उपडा केला. गोड पंचामृत नाकावरून ओघळले, नंदाबाईंनी ते चाटले, पुन्हा चाटले. हळूहळू नजर ठिकाणावर आली.

"सुनेत्रा, हे काय सांडलंस?"

"देवी गेली," भागीरथीबाई गंभीरपणे म्हणाल्या. "पण जीभ फिरली. उपवास मोडला. प्रायश्चित्त म्हणून उद्या पुन्हा निर्जळी."

"मान्य," नंदाबाई ताठ बसत म्हणाल्या. "सुईही वेळेवर हवी."

सुनेत्राने तेव्हाच रिकामा तांब्या उचलला आणि उद्याच्या पंचामृतासाठी दारोदार चिमूटभर साखर मागितली. प्रत्येक दारात उत्तर एकच: "प्रसाद का कोणी परत देतं?"

वाचणाऱ्या बाईने हसण्यापूर्वी आपल्या पदराची गाठ चाचपावी. पुरुषांनी उपरण्याची.