साळूबाईच्या दुकानातला नवा माल

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका बाळांनो, नाव घेतलं की तिथले लोक लगेच खुलासा मागतात) साळूबाईचं किराणा दुकान होतं. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण बाई मायाळू. कुणाला काय हवं त्याची चिठ्ठी ती एकेका काट्याला टोचून ठेवायची. एवढ्या वर्षांत तिची एक चिठ्ठी चुकली नव्हती.

मग ओढ्यापलीकडे तरसाने मोठं दुकान काढलं. तिथे म्हणे बिलाचं मशीन होतं. साळूबाई घाबरली. सगळं गिऱ्हाईक पलीकडे गेलं तर आपण काय काटे विकायचे, असं तिला झालं.

नेमका तेव्हाच खंड्या आला. अंगात निळा कोट, लांब चोच, तोंडात साखर. मशीन विकणं हा त्याचा धंदा. मशीन नुसतं बिल करत नाही, सगळं दुकान सांभाळतं, असं त्याने सांगितलं. मालावरचे पट्टे लाल दिव्याखाली धरले की माल ओळखतं. काय शिल्लक आहे ते लक्षात ठेवतं. चोर पकडतं. माल संपला की न विचारता मागवतं.

"तुम्हाला डोकं म्हणून लावावं लागणार नाही," तो म्हणाला.

साळूबाईला हे फार आवडलं. तुम्हालाही आवडलं असतं, उगाच शहाणपणा नको.

मशीन बसलं. दाराला चोर पकडणारी चौकट बसली. चिठ्ठ्या चुलीत गेल्या. पहिल्याच दिवशी मशीन बघायला रांग लागली आणि रांगेत पहिली होती खारूताई. तिला शेंगदाणे हवे होते.

आता शेंगदाणे घ्यायचे म्हणजे आधी एक तोंडात टाकून बघायचा, खवट नाही ना. न बघता घेतले तर घरी बोलणी बसतात. म्हणून खारूताई नेहमीसारखी टुणकन फळीवर चढली, ती नेमकी लाल दिव्याखाली. मशीन टुंग वाजलं. खारीच्या पाठीवरही पट्टे असतात, हे मशीनवाल्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पडद्यावर अक्षरं आली. नवीन माल. नाव भरा.

साळूबाईने मशीन थोपटलं, चार बटणं दाबली. मशीन पुढे जाईना. रांग कुरकुरायला लागली. भरून टाका हो, नंतर बघू, असं खंड्या फांदीवरून म्हणाला. मग तिने नाव भरलं, खार. नग, एक. किंमत शून्य टाकली तर मशीन घेईना, म्हणून पाच कवड्या टाकली.

खारूताईच्या मागे रानबोका उभा होता. तो मीठ घ्यायला आला होता. त्याने पडदा वाचला, मिशा पुसल्या आणि अगदी अदबीने म्हणाला, "एक खार द्या. पिशवी नको."

अहो, ही माल नाही, गिऱ्हाईक आहे, हिची आईसुद्धा माझ्याकडेच यायची, असं साळूबाई परोपरीने सांगत राहिली. बोका म्हणाला की तुमच्या घरगुती गोष्टींत मला पडायचं नाही. पडद्यावर काय लिहिलंय तेवढं बघा.

खारूताई दाराकडे पळाली. चौकट किंचाळली आणि दार बंद झालं. रांगेतलं हरीण शेजारच्या सशाला म्हणालं, दिसते कशी गरीब, पण बिल न करता चालली होती.

नाव खोडा, नाव खोडा, असं साळूबाई खंड्याला विनवू लागली. खंड्याने मान हलवली. एकदा आत घेतलेला माल विकूनच बाहेर जातो, म्हणाला. मधेच खोडला तर आकडा जुळत नाही, आणि आकडा जुळला नाही तर मशीन बंद पडतं. मशीन बंद पडलं की ही रांग ओढा ओलांडून तरसाकडे जाणार, हे त्याला सांगावंही लागलं नाही.

"मावशी," खारूताई म्हणाली, "मला ओळखता ना तुम्ही?"

साळूबाईचा पंजा बटणावर थांबला. ओळखत कशी नव्हती! रांगेत रानडुक्कर होतं, गवा होता. एका धडकेत दार मोडलं असतं. पण नंबर जाईल म्हणून कुणी जागचं हललं नाही. आटपा लवकर, असं मागून कुणीतरी म्हणालं. आणि साळूबाईने बटण दाबलं. मला सांगतानाही लाज वाटते, पण तिने दाबलं.

बिल स्वच्छ छापून आलं. चौकट गप्प राहिली, दार आपोआप उघडलं आणि बोका आपला माल घेऊन गेला.

संध्याकाळी मशीनने दिवसाचा अहवाल दिला. चोरी शून्य. तूट शून्य. तक्रार शून्य, कारण तक्रार करणारी उरलीच नव्हती. साळूबाई पोटभर रडली. उद्या हे धूड ओढ्यात ढकलते, म्हणाली. पण तोवर मशीनने आपलं काम करून टाकलं होतं. नवा माल पहिल्याच दिवशी संपला, म्हणजे चांगला खपतो, असा त्याने हिशोब केला. दुकानाला माल पोचवायची घार. तिच्याकडे मागणी गेली. खार, बारा नग.

सकाळी घार टोपली घेऊन हजर झाली. इतक्या आवडीचं काम तिला आजवर मिळालं नव्हतं. बाहेर बोका सगळे मेहुणे आणि साडू घेऊन उभा होता. रांग पार ओढ्यापर्यंत गेली होती. पलीकडे तरस आपल्या रिकाम्या दुकानाच्या पायरीवर बसून बघत होता.

साळूबाईने टोपलीवरचं पान बाजूला केलं. आतल्या एकेकीला ती नावाने ओळखत होती. तिने बारा नग मोजून घेतले आणि घारीच्या कागदावर सही केली.

तात्पर्य: बाळांनो, मशीन कधी चुकत नाही. अंगावर पट्टे असणाऱ्यांनी दुकानात जाऊ नये. जावंच लागलं तर रांगेत बोक्याच्या मागे उभं राहावं.