विष्णूअण्णांची मिशी आणि सुई

आमच्या विट्यातले विष्णूअण्णा जगातली प्रत्येक गोष्ट टंचात मोजतात. टंच म्हणजे सोन्याचांदीची शुद्धता. अण्णांनी उभी हयात मदुराईत गलाईचं दुकान चालवलं. जुने दागिने भट्टीत गाळायचे आणि चोख सोनं काढायचं. आता दुकान मुलाच्या हवाली करून ते माझ्या शेजारी राहायला आलेत, पण भट्टी काही डोक्यातून विझलेली नाही. आमच्याकडचा चहा सत्तर टंच. माझा नवा जावई पंचावन्न. "तांबं लय हाय गड्या त्याच्यात!"

अशा माणसाच्या मिशीत चाई पडली, म्हणजे एका जागचे केसच गेले. डावीकडे, चिंचोक्याएवढी, गुळगुळीत. त्याआधीच त्यांच्या बायकोच्या, मालनकाकूंच्या, डोक्यावर चाईचे मोठाले चट्टे पडले होते. पदर कपाळापर्यंत ओढून त्या घरात बसायच्या. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेल्या नाहीत. सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चट्ट्यांत स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं घ्या, केस येतील. काकू म्हणाल्या, "डोस्क्यात सुया? मेले तरी न्हाई."

"आगं, आधी मी घेतो मिशीत. बघ तू. मुंगी चावल्यागत!"

अण्णांना मुंगी चावली तेव्हा बाहेर बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले. धगधगत्या भट्टीतून वितळल्या सोन्याची मूस उचलणारा हा वाघ, ओठाजवळ सुई येताच असा काही गरजला की काकू बाकावरून थेट रिक्षात. "तुमी येवढं वरडताय, मग माझं काय हुईल?"

झालं! न ओरडता सुई घेऊन दाखवणं, हे आता अण्णांचं जीवितकार्य झालं. गाडी माझी, चालक मी, प्रेक्षकही मीच.

पुढच्या खेपेला बधिर करणारं क्रीम. बाईंनी तासभर आधी चट्ट्यावर पातळ लावायला सांगितलेलं. अण्णांनी नाकापासून हनुवटीपर्यंत लिंपलं आणि वाटेत तासगावला चहा मागवला. सगळा चहा शर्टावर. "क्रीम साठ टंच," ते म्हणाले. "पर वठ कुटं गेला ते कळंना!"

मग बर्फ. दवाखान्यातला मिळेल हे माहीत असूनही अण्णांनी रसवंतीवाल्याकडून ढेकूळच उचलून आणलं. बाईंनी ते बेसिनमध्ये ठेवलं आणि स्वतःकडचा बर्फ कापडात गुंडाळून दिला. पंच्याहत्तर टंच. पुढं बाई म्हणाल्या, सुईच्या शेजारी काहीतरी थरथरत ठेवलं तर दुखणं कमी जाणवतं. अण्णांनी घरून दाढीचं मशिन आणलं आणि उलटं धरून गालाला लावलं. "मेंदू गडबडतो रं! सुईकडं बघू का मशिनकडं?"

शेवटी क्रीम, बर्फ, मशिन, सगळं एकदम केलं. वर बाईंनी हळूच विचारलं, "अण्णा, खोटं सोनं कसं ओळखायचं?" अण्णांचं व्याख्यान ॲसिडपर्यंत पोचायच्या आत सुया टोचून झाल्या होत्या. आवाज फक्त मशिनचा.

"अठ्ठ्याण्णव टंच!" अण्णा खुर्चीतून उडालेच.

घरी काकूंनी मला बाजूला घेतलं. "खरंच वरडलं न्हाईत? शपथ घ्या बरं." मी घेतली. पुढच्या महिन्यात काकू गाडीत मागे बसल्या.

काकूंच्या डोक्याला क्रीम लावून आम्ही दवाखान्यात पोचलो. अण्णा बर्फ आणायला आत गेले तेव्हा मी बाईंना म्हणालो, "अण्णांची मिशी मात्र छान भरली तुमच्या औषधानं."

"ती तशीही भरली असती," बाई हसल्या. "एवढासाच चट्टा होता. पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, थोडं थांबून बघू. तर म्हणाले, टोचा तुम्ही, फक्त आमच्या हिला सांगू नका."

काकू खुर्चीत बसल्या. पदर खाली आला. कितीतरी दिवसांनी त्यांचं डोकं कुणासमोर उघडं झालं होतं. अण्णांनी एका हातानं बर्फ धरला, दुसऱ्यानं मशिन, आणि मदुराईच्या भट्टीची गोष्ट जोरात सुरू केली. सुई जवळ आली तशी गोष्ट अडखळली, मग थांबलीच. खोलीत नुसती मशिनची घरघर.

काकू हलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी हात वर नेला आणि अण्णांच्या मशिन धरलेल्या मनगटावर ठेवला.

"आवं, न्हाई दुखत," त्या म्हणाल्या. "डोळं उघडा तुमी."