बालक क्रमांक अकरा

लहान मूल म्हणजे समाजाच्या हाती असलेली सर्वांत नाजूक चीज, याबद्दल कुठल्याच तज्ज्ञाचं दुमत नाही. म्हणूनच ज्यांच्या हाती मुलं सोपवायची, त्या शिक्षिकांची आणि मुलांची गाठ होईल तितकी उशिरा पडावी, याची काळजी बालवाडी शिक्षिका प्रशिक्षण संस्था पहिल्यापासून घेत आलेली आहे.

अकरा महिन्यांच्या अभ्यासक्रमात एकूण सहाशे चाळीस तास असतात. पैकी दोनशे दहा तास कागदाचे मासे कापणे, एकशे ऐंशी तास नोंदवह्या भरणे, एकशे वीस तास हातवारे करून गाणी म्हणणे आणि उरलेले एकशे तीस तास बालमानस. प्रत्यक्ष बालक: शून्य तास. (एकदा वॉचमनची नात चेंडू शोधत ‘बालकाशी संवाद’ या तासाला वर्गात शिरली होती. तास चालू असल्याचं सांगून तिला बाहेर काढण्यात आलं.)

मुलांवाचून काही अडत नव्हतं. प्रशिक्षणार्थीच आळीपाळीनं मुलं होत. गळ्यात पाटी अडकवायची की झालं. बालक क्रमांक चार, हट्टी. क्रमांक सात, शेजारच्याला चावणारे. क्रमांक नऊ, शू लागलेले. एकूण अठरा प्रकारची बालकं संस्थेला मान्य होती आणि एकोणिसावा प्रकार आढळल्यास लेखी कळवावं, अशी सूचना भिंतीवर होती. आजवर कुणी कळवलं नव्हतं.

घरी सगळे जिला धाकटी म्हणत, त्या प्रशिक्षणार्थीच्या वाट्याला पहिल्याच आठवड्यात बालक क्रमांक अकरा आलं: घर आठवून रडणारे. ती इतकी मनापासून रडली की खुद्द संचालकबाईंनी चष्मा काढून पुसला. तेव्हापासून ती पाटी तिच्याच गळ्यात राहिली. शिक्षिका व्हायची पाळी तिला अकरा महिन्यांत तीनदा आली, तीही दर वेळी जेवणाच्या सुट्टीआधी, जेव्हा बाकीची सगळी बालकं आपापल्या डब्याच्या आशेनं आधीच शहाण्यासारखी बसलेली असत. प्रमाणपत्रावर शेरा पडला: ‘बालक म्हणून उत्कृष्ट. शिक्षिका म्हणून समाधानकारक.’

धाकटीनं ते प्रमाणपत्र घरी दाखवताना दुसऱ्या वाक्यावर अंगठा ठेवला, मग विचार करून पहिल्यावर ठेवला. घरात तिला सव्विसाव्या वर्षीही कुणी मोठं समजत नसे. ताई बँकेत अधिकारी होती, तिचं मत विचारलं जाई. धाकटीला मात्र पाहुण्यांसमोर ‘तिला काय कळतंय’ असं म्हणून पाणी आणायला पाठवत. आपल्याला कुणीतरी ‘बाई’ म्हणावं, आणि तेही हसू न येता म्हणावं, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

नोकरी लागली. शाळेच्या मोठ्या बाईंनी पहिल्या दिवशी सकाळीच नियम सांगितला.

“अकरा वाजता मी दाराच्या काचेतून बघेन. वर्ग शांत दिसला तर वर्ग तुमचा. नाहीतर उद्यापासून ऑफिसात बसून फायली लावा. तिथेही माणूस हवंच आहे.”

“हो, बाई,” धाकटी म्हणाली. म्हणजे अजून तरी बाई त्याच होत्या.

नऊ वाजता पंचवीस मुलं आत आली. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांतली बावीस रडत होती, दोन पळत होती आणि एक मुलगी आपल्या दप्तरावर बसून सगळ्यांकडे बघत होती.

रडणाऱ्या बालकास शांत करण्याच्या सात पायऱ्या धाकटीला तोंडपाठ होत्या. एका बालकास चौदा मिनिटं लागतात, असं पुस्तकात दिलेलं आहे. बावीस बालकांस पाच तास आठ मिनिटं. बालवाडी तीन तासांची. उरलेल्या दोन तास आठ मिनिटांचं रडणं मुलांनी घरून करून यावं की दुसऱ्या दिवशी भरून काढावं, याबाबत पुस्तक गप्प होतं. तरी ती पहिल्या मुलासमोर गुडघ्यांवर बसली. पायरी पहिली, नजरेला नजर. पायरी दुसरी, भावनेला शब्द देणे.

“तुला आईची आठवण येतेय, हो ना?”

मुलगा खरं तर पायाला बूट चावत होता म्हणून रडत होता. आता त्याला आईचीही आठवण आली. पळणाऱ्या दोघांनी ते ऐकलं, त्यांनाही आली. रडणाऱ्यांची संख्या चोवीसवर गेली.

दारात बसलेल्या मावशी, ज्यांनी शाळेत झाडलोट करण्यात बावीस वर्षं घालवली होती, म्हणाल्या, “पहिल्या दिवशी त्यांनी रडायचंच असतं, बाई. तुम्ही कशाला मधे पडताय?” धाकटीनं नम्रपणे त्यांना कळवलं की असं कुठल्याही पायरीत म्हटलेलं नाही.

दहा पन्नासला सहा मुलं शांत करून झाली होती. त्यांपैकी चार पुन्हा सुरू झाली होती. कागदाचे मासे (नग पन्नास) पाण्याच्या बादलीत पोहायला सोडण्यात आले होते आणि विरघळले होते. सातव्या मुलानं, गळ्यात कसलीही पाटी नसताना, तिचा चावा घेतला. धाकटी एका बुटक्या खुर्चीवर बसली. उद्यापासून फायली, आणि घरी पुन्हा पाणी आणणं. दाराकडे पाठ करून ती रडायला लागली. संचालकबाई चष्मा काढायच्या तेव्हाचं रडणं आणि हे रडणं यांत बराच फरक होता.

वर्ग हळूहळू गप्प झाला. याचं कारण अगदी सरळ आहे. कुणीतरी बघावं म्हणून मूल रडतं, आणि ज्यानं बघायचं तोच रडायला लागला की बघण्याचं काम मुलांवर येतं. मुलं जवळ आली. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं, हे प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. त्यासाठी त्यांना सहाशे चाळीस तास लागले नव्हते.

“रडायला काय झालं? कुणी मारलं का? नाही ना? मग?”

“एवढी मोठी झाली आणि रडते.”

“मोबाईल देऊ? पण एकच व्हिडिओ हं.” (तिच्या हातात लाकडी ठोकळा ठेवण्यात आला.)

“मी तीन म्हणेपर्यंत थांबायचं. एक... दोन... अडीच...”

“मुलगे रडत नाहीत, मुली रडतात.” मग तिच्याकडे नीट बघून, “बरं, मग रड.”

“आधी खाऊन घे, मग काय रडायचं ते रड.”

“मला उशीर होतोय ऑफिसला,” एक जण रिकाम्या मनगटाकडे बघत म्हणाला.

“गप्प बस, नाहीतर दुसरी बाई आणीन.”

“ती बघ, ती रडते का? शिक जरा तिच्याकडून.”

हे शेवटचं वाक्य दप्तरावर बसलेल्या मुलीकडे बोट दाखवून म्हटलेलं होतं. धाकटीला ते लहानपणापासून पाठ होतं, फक्त तेव्हा बोटाच्या टोकाला ताई असे. एकूण चोवीस वाक्यं झाली, त्यांतली नऊ तिला थेट आईच्या आवाजात ऐकू आली आणि ती आणखीच रडली.

दप्तरावरची मुलगी उठली. तिनं आपल्या फ्रॉकच्या टोकानं बाईंचं नाक पुसलं, बाजूला खुर्ची ओढली, आणि तिच्या दंडाला दंड लावून बसून राहिली. बोलली काहीच नाही. धाकटीला एकदम खूप बरं वाटलं.

अकरा वाजता मोठ्या बाईंनी काचेतून पाहिलं आणि नोंद केली: ‘वर्ग शांत. सर्व बालकांचे लक्ष शिक्षिकेकडे. शिक्षिका बालकांच्या पातळीवर.’ वर्ग धाकटीचा झाला.

ती खोटं बोलणारी नव्हती, म्हणून संस्थेला पाठवायच्या अहवालात तिनं सगळं खरं लिहिलं, मुलांच्या वाक्यांसकट. संस्थेनं त्याचं स्वागत केलं. ‘शिक्षिका-रुदन पद्धती’ पुढच्या सत्रापासून लागू झाली: दर बुधवारी दहा पन्नास ते अकरा, दाराकडे पाठ करून. न रडणाऱ्या शिक्षिकांसाठी चाळीस तासांचा वर्ग काढण्यात आला आणि तो घ्यायला धाकटीला बोलावण्यात आलं. घरी ताईनं पहिल्यांदाच तिला कशाबद्दल तरी मत विचारलं. आईनं अहवालातली वाक्यं वाचली आणि मान हलवत म्हणाली, “कसले आईबाप असतात एकेक!”

धाकटी उठून स्वतःच पाणी प्यायली.

पालक सभेला अहवालातल्या वाक्यांची यादी फळ्यावर लावण्यात आली. मुलांची नावं न देता चोवीस वाक्यं, आणि पंचविसाव्या ओळीत: ‘उद्गार काही नाही. जवळ बसून राहिली.’ (भाषाविकासाच्या रकान्यात शून्य गुण.) मुलगा की मुलगी हे ‘राहिली’वरून कळू नये म्हणून ते खोडून ‘राहिले’ करण्यात आलं होतं. पालक वाचून पोट धरून हसले. शेजारचे कोण, समोरचे कोण, हे त्यांनी झटकन ओळखलं. मग प्रत्येकानं आपापलं मूल शोधलं, आणि पंचवीसच्या पंचवीस घरांनी शेवटच्या ओळीसमोर सही केली. चोवीस वाक्यांना मालक मिळाला नाही. ती बाहेरून आली असावीत, असा शेरा मारून फाईल बंद करण्यात आली.

तेव्हा ती वाक्यं पुन्हा तपासायला कृपया मागे जाऊ नका. तुमच्या घरचं मूल शेवटच्या ओळीतलंच असणार. सहीसाठी खाली जागा सोडली आहे.