सलूनवाल्याची लेक आणि टेकडीवरचं कॉलेज

एका गावात एक सलूनवाला होता, त्याची एक बायको होती आणि दोघांची मिळून एक लेक होती. सलूनवाल्याला सगळे उस्ताद म्हणायचे, लेकीला किडूबाई म्हणायचे आणि बायकोला कोणी काहीच म्हणायचं नाही, कारण तिच्यासमोर तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती.

किडूबाई हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. पोरगी रांगत होती तेव्हापासून मुंग्यांच्या मागं. दुकानातल्या पावडरच्या रिकाम्या डब्या ती घरी आणायची, झाकणाला भोकं पाडायची आणि आत एकेक पाहुणा ठेवायची. एकदा आईनं घाईघाईत पावडर समजून त्यातलीच एक मानेवर पालथी केली. (पुढचं विचारू नका. शेजारीण अजून सांगत असते.)

तर ही किडूबाई बारावी झाली, चांगली झाली, आणि घरात प्रश्न आला, कॉलेज कुठलं?

उस्ताद म्हणाला, "त्यात काय एवढं? मी चार लोकांना विचारतो."

तिथंच बायको सावध झाली. कारण उस्तादाचे चार लोक म्हणजे त्याची गिऱ्हाइकं, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. त्याच्या गुरूनं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, खुर्चीतला माणूस बोलला की आपण म्हणायचं, अगदी बरोबर. वाद घातला तर माणूस हलतो, आणि हलला की कापलं जातं. उस्तादानं ते इतकं अंगी बाणवलं होतं की, त्याची नुसती मान डोलायची नाही, खांद्यासकट हात डोलायचा. म्हणून तो 'अगदी बरोबर' म्हणायच्या आधी हत्यार वर उचलायचा. अशी त्याची रीत.

सोमवारी खुर्चीत ठेकेदार बसला. संध्याकाळी उस्ताद घरी आला तो आरोळी देतच. "ठरलं! काचेच्या इमारतीचं कॉलेज. पाया मजबूत, लिफ्ट आहे!"

"अहो, तिला शिकायचंय की वर-खाली करायचंय?"

मंगळवारी बसचालक बसला. "ठरलं! चौकातलं कॉलेज. बस अगदी दारात थांबते."

बुधवारी फोटोवाला. "ठरलं! बागेतलं कॉलेज. फोटो काय सुंदर येतात!"

"आणि उद्या दातांचा डॉक्टर आला म्हणजे?" बायको कपाळाला हात लावून म्हणाली. "ज्या कॉलेजात सगळे हसतात तिथं घालायची का पोरीला?"

उस्ताद विचारात पडला. (त्याला ते पटलं होतं, हेच तर दुःख.)

किडूबाईनं मात्र कोणालाच विचारलं नव्हतं. ती आपली एकेका कॉलेजात जाऊन बसून आली होती. फाटकापाशी नव्हे, आत. मुलांनाच विचारायची, सर वर्गावर येतात का? प्रयोगशाळेचं कुलूप कधी उघडतं? सूक्ष्मदर्शक चालतात की नुसते पुसून ठेवलेत? काचेच्या कॉलेजात प्रयोगशाळा पाहुण्यांना दाखवण्यापुरती उघडायचे. बागेतल्या आणि चौकातल्या कॉलेजांत तिचा विषयच नव्हता. आणि टेकडीवर एक जुनं कॉलेज होतं. वर पत्रा, खाली लाकडी वासे, बाकांचे पाय डुगडुगते. पण तिथली मुलं संध्याकाळ झाली तरी घरी जायला तयार नव्हती, आणि कीटक शिकवणारे सर टेबलाखाली रांगत काहीतरी शोधत होते.

"आई, मला तिथंच जायचंय," ती म्हणाली. "पण जागा मोजक्याच आहेत. शनिवारी सर प्रत्येकाशी बोलणार आणि मग निवडणार. नाही घेतलं तर या गावात हा विषय दुसरीकडं धड शिकवतच नाहीत."

"बापाला सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, अगदी बरोबर."

"मग झालं तर!"

"त्यानंतर ठेकेदारकाकांनाही तेच म्हणाले."

शुक्रवारी बायको दुपारचा डबा घेऊन दुकानात गेली, आणि बरं झालं गेली म्हणावं की वाईट, तिलाही कधी ठरवता आलं नाही. एका खुर्चीत ठेकेदार होता. त्याच्या दाढीला साबण लावून ती भिजत ठेवली होती. दुसऱ्या खुर्चीत एक चष्मेवाले गृहस्थ. चष्मा काढून मांडीवर ठेवलेला, आणि उस्ताद त्यांच्या मानेवर मशीन फिरवत होता. बोलणं अर्थात कॉलेजचंच.

गृहस्थ म्हणाले, "मुलीला कीटकांची आवड असेल तर टेकडीवरच्या कॉलेजात पाठवा."

उस्तादानं मशीन उचललं. "अगदी बरोबर!"

फेसातून ठेकेदार गरजला. "ते? ते कॉलेज आहे की कोंबड्यांचं खुराडं?"

उस्तादानं मशीन उचललं. "अगदी बरोबर! खुराडंच ते!"

"खुराडं?" गृहस्थ ताठ झाले. "अहो, चांगली मुलं घडतात तिथं."

"बरोबर!"

"बरोबर काय बरोबर?" ठेकेदार फेस उडवत उठला. "आत्ता माझं बरोबर होतं ना?"

"तुमचं तर बरोबरच!"

"मग माझं चूक का?" गृहस्थांनी विचारलं.

"छे छे, तुमचंही बरोबर!"

दोन्हीकडून दोघं, मधे उस्ताद. एकदा इकडं डोलला, एकदा तिकडं डोलला, आणि तिसऱ्यांदा डोलताना मशीन उचलायचं राहिलं. गृहस्थांच्या मानेपासून थेट टाळूपर्यंत एक पायवाट तयार झाली. स्वच्छ, रुंद, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील अशी.

गृहस्थांनी चष्मा लावला आणि आरशात पाहिलं. बायकोनं डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं, दुसरं काय करणार?

"आता," उस्ताद मशीन पाठीमागं लपवत म्हणाला, "सगळंच काढून टाकू या का? उन्हाळ्याचं थंड वाटेल."

शनिवारी तिघं टेकडी चढून कॉलेजात गेली. किडूबाईचं नाव पुकारलं, तिघं आत शिरली, आणि उस्ताद दारातच थिजला. टेबलामागं एक गुळगुळीत गोटा बसला होता, चष्म्यासकट.

"या, उस्ताद," सर म्हणाले. "खुराड्यात स्वागत आहे."

उस्ताद बायकोच्या मागं लपला. बायकोनं त्याला पुढं ढकललं. तो परत मागं. किडूबाईचा चेहरा पांढराफटक. तिनं घरी काल सगळं ऐकलं होतं, पण ते डोकं कुणाचं हे कोणाला ठाऊक होतं?

सरांनी प्रश्न विचारला. तिच्या तोंडून शब्द फुटेना. दुसरा विचारला. तेच. आईच्या मनात आलं, संपलं. पोरीनं इतकं सगळं बघून-पारखून ठरवलं आणि बापानं ते एका डोलण्यात घालवलं.

इतक्यात वरून टप्प्‌कन एक किडा पडला तो थेट सरांच्या टकलावर. सरांनी हात उचलला.

"सर, हलू नका!"

किडूबाई ओरडली, आणि कोणी काही म्हणायच्या आत पिशवीतली पावडरची डबी काढून तिनं सरांच्या डोक्यावर पालथी घातली. आईनं डोळे मिटून घेतले. एवढा मोठा विद्वान माणूस, डोक्यावर पावडरची डबी, आणि आपली लेक ती दाबून धरून बोलतेय, तेही न अडखळता!

"लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे, सर. नर. मिशा अंगाहून लांब होत्या, बघितल्या मी. वरच्या वाशातून पडला. तिथं बघा, भोकं आहेत, खाली भुसा सांडलाय. आतून अळ्या खात असणार. छप्पर लवकर बघायला हवं."

सर डबीखालून वर बघायचा प्रयत्न करत होते. "हेच मी ऑफिसला सांगून सांगून थकलो," ते म्हणाले. "बाई, तू उद्यापासून ये. नाही, उद्या रविवार. तरी ये. फक्त ही डबी आता काढ."

"बघा सर," उस्तादाला आता कंठ फुटला, "केस असते तर हिला दिसला असता का?"

बायकोनं त्याला जोरात चिमटा काढला.

मग किडूबाईचं जे काही सुरू झालं! न समजलेलं त्याच दिवशी विचारायचं, असं सरांनी तिला सांगितलं होतं, त्यामुळं सरांना धड जेवायला मिळेना. ग्रंथालयातल्या बाईंशी तिची गट्टी जमली. वरच्या वर्गातल्या मुलींबरोबर ती रानोमाळ हिंडली. शेवटच्या वर्षी तर तिच्यात भलताच बदल झाला. रोज संध्याकाळी बापाच्या दुकानात यायची, झाडू घ्यायची, कापलेले केस गोळा करायची आणि केर स्वतः घेऊन जायची.

उस्तादाचा ऊर भरून आला. गिऱ्हाइकांना सांगायचा, "एवढी शिकली, पण बापाचं दुकान झाडायला लाजत नाही!"

आणि एके दिवशी निरोप आला. किडूबाईच्या अभ्यासाला पहिलं बक्षीस मिळालं, पुढच्या शिक्षणाचा सगळा खर्च कॉलेज करणार. सभागृहात मोठा समारंभ. उस्तादानं दुकान बंद ठेवलं आणि झाडून सगळी गिऱ्हाइकं घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसला. ठेकेदार, बसचालक, फोटोवाला, सगळे इस्त्रीचे कपडे घालून.

किडूबाई उभी राहिली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझा अभ्यास माणसाच्या डोक्यातल्या उवांवर आहे," ती म्हणाली. "मी गावातल्या सगळ्या सलूनांमध्ये शोधलं, पण हवे तितके नमुने मला एकाच ठिकाणी मिळाले. त्या दुकानाचे आणि तिथं नेमानं येणाऱ्या गिऱ्हाइकांचे मी मनापासून आभार मानते. ते दुकान माझ्या वडिलांचं."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत मात्र कोणी टाळी वाजवली नाही, कारण कोणाचेच हात मोकळे नव्हते. आधी ठेकेदार डोकं खाजवायला लागला, मग बसचालक, मग फोटोवाला. उस्ताद अभिमानानं उठून उभा राहिला, सगळ्यांना हात दाखवायला म्हणून त्यानं हात वर केला, आणि तो हात वाटेत डोक्यापाशीच थांबला.